तिजेच्या माचाचा खांब

मी तिजेच्या माचाचा एक जुना सागवानी खांब आहे, आणि मला राग आलाय! गोड बोलेन अशी आशा धरू नका.

मित्रांनो, सेनगावच्या अलीकडे आमचा बंजारा तांडा आहे. तिथं भीमसिंग नायकांच्या दारात आम्ही चार खांब डोक्यावर फळ्यांचा माच घेऊन उभे आहोत. श्रावणात तांड्यातल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, त्या टोपल्या माचावर मांडतात आणि शिडीनं वर चढून, गाणी म्हणत त्यांना रोज पाणी घालतात. हीच आमची तीज. आणि ते पाणी जातं कुठं? माझ्या अंगावरून खाली!

मला घडवताना सुतार माझं बाहेरचं पांढरं लाकूड तासायला निघाला होता. ते कच्चं असतं, टिकतो तो आतला तपकिरी गाभा. पण भीमसिंग म्हणाले, "ऱ्हाऊ दे, खांब कसा जाडजूड दिसला पायजे!" झालं. बुरशीचं जेवण माझ्या अंगावरच बांधून दिलं.

पहिली काही वर्षं मी ताठ होतो. पाहुणे थाप मारून म्हणायचे, "लोखंडावानी हाय." मग पोरींचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून माझ्या पायाभोवती सिमेंटचं गोल आळं केलं. किती कौतुक! पावसाळाभर त्यात पाणी साचायचं आणि मी त्यात उभा. वरून दरवर्षी हिरव्या ऑइलपेंटचा नवा हात. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच उरली नाही. मग बुरशी आली. ना दात, ना नखं, नुसते पांढरे धागे. मला आतून खाऊन खाऊन तिनं भिजलेल्या पावासारखं केलं, आणि बाहेरून मी हिरवागार चकचकीत!

यंदा भीमसिंगांची पुनम टोपल्या मांडायच्या आधी जमीन सारवत होती. तोल सावरायला तिनं मला धरलं, तर अंगठा रंग फोडून आत गेला.

"बापू, खांब सडलाय! पोरी वर चढल्या तर माच खाली यील."

"काहून येड्यावानी करून राहिली? सागाचा हाय तो."

"सागाचा हाय म्हणून भिजत न्हाई का?"

"तिजेच्या वक्ताला असं वंगाळ बोलू नगं," तिची आई निर्मलाबाई दटावून म्हणाली.

शिडीवर टोपली घेऊन निघालेली तिची मैत्रीण रुपा फिदीफिदी हसली. "पाणी आणायचा कटाळा आलाय हिला! नाटकी कुठली."

पुनमचे डोळे भरले. पण पोरगी हटली नाही. तिनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि घातला घाव आळ्यावर! सिमेंट फुटलं. भीमसिंग ओरडत धावले. ते पोचायच्या आत दुसरा घाव माझ्या पायावर बसला, आणि सब्बल आरपार गेली. आतून काळपट, ओला भुगा भसाभसा सांडला. मी करकरलो. माच एका बाजूला झुकला.

"रुपे, उतर!" भीमसिंग किंचाळले आणि त्यांनी खांदा लावून मला धरलं. रुपा उतरली. टोपली बाजूला ठेवून तीच टेकू आणायला धावली.

टेकू लावून मला काढलं. सडलेला पाय कापला, पांढरं लाकूड तासलं. आतला गाभा अजून खणखणीत होता! आता मी बुटका झालोय, पण उंच दगडावर उभा आहे. पाणी खाली वाहून जातं. टोपल्या वर चढल्या, गाणीही झाली. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. पुनमची तर नाहीच नाही.

म्हणून मित्रांनो, उघड्यावरच्या लाकडाच्या पायाशी पाणी साचू देऊ नका. रंगाला भुलू नका, अंगठ्यानं दाबून बघा. आणि घरातली पोरगी काही सांगत असेल, तर तिला सब्बल उचलायची वेळ आणू नका.