वाटाण्याच्या अक्षता

साळुबाईनं पोराच्या, भरतच्या लग्नपत्रिकेत मामा म्हणून भावाचं, चांगदेवाचं नाव छापून टाकलं, तेही त्याला न विचारता. बाई गं, काय ही हिंमत! बापाच्या जमिनीतला हिस्सा ती सोडत नव्हती, म्हणून चांगदेवानं सहा वर्षं तिच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. पण नवरदेवामागं मामाच उभा राहायला हवा. दुसरा कोण राहणार?

"मढला भावाकडं नको जाऊस," जाऊ बयाबाई म्हणाली. "वाटाण्याच्या अक्षता लावील तो तुला."

साळुबाईला का ते कळत नव्हतं? आमंत्रण द्यायचं तर कपाळाला ओलं कुंकू, वर अक्षतांचे तांदूळ. तांदूळ कुंकवाला चिकटतो, वाटाणा घरंगळतो. म्हणून कुणी तोंडावर नकार दिला की तसं म्हणायचं, असं तिची आई सांगायची. तरी ती सकाळच्या एसटीनं गेलीच.

चांगदेव ओट्यावर बसला होता. तिनं कुंकवाचं बोट पुढं केलं, तशी त्यानं मान मागं घेतली.

"आधी हक्कसोडीवर अंगठा."

नवरा गेल्यापासून तेवढ्याच जमिनीचा तिला धीर वाटायचा. पण पोराच्या मागची जागा रिकामी? नको गं बाई! कागद त्यानं तयारच ठेवले होते. त्याच दुपारी जुन्नरच्या कचेरीत तिनं अंगठा उठवला. बाहेर आल्यावर चांगदेवानं मुकाट कपाळ पुढं केलं. चांगले पाच-सहा तांदूळ चिकटले. साळुबाई भर रस्त्यात रडली, आनंदानं.

लग्नादिवशी निमगाव साव्यात मांडव भरला, भटजी घाई करू लागले, तरी चांगदेवाचा पत्ता नाही. शेवटी भावाच्या शेजारचा बहिरू मढहून एकटाच आला. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"तुझा भाऊ म्हणला, काम झालं. आता कशापायी यायचं?"

मेला! तांदूळ लावून घेऊन उलटला. तेवढ्यात कर्ण्यावर मंगलाष्टका सुरू झाल्या. साळुबाई तशीच बोहल्याकडं निघाली. दीर सावळेराम आडवा आला.

"वहिनी, विधवेनं तिथं उभं राहायचं नसतं."

"सरका बाजूला."

ती भरतच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समोर अंतरपाट, डोळ्यांवर मुंडावळ्या. भरत वळला नाही. हसून पुटपुटला,

"मामा, आला व्हय? मला वाटलंच व्हतं."

साळुबाईनं नुसता खांदा दाबला.