शिंप्याने शिवलेला पट्टा

शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मुलं शिट्टीबाई म्हणत, आणि हळूहळू घरचेही त्यांना तीच हाक मारू लागले होते. थोरला भाऊ मात्र अजून 'धाकटे' म्हणायचा. हा दादा शिंपी. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून बसलेला, अंगाने काटकुळा आणि बोलायला मोजका. यंदा त्याची साखर वाढली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि औषधाच्या जोडीला चांगला दम लागेल असा व्यायामही करायला सांगितलं.

शिट्टीबाईंनी लगेच आपलं जुनं फिटनेस घड्याळ त्याच्या हाताला बांधलं आणि बेत आखून दिला. इमारतीचा जिना तीस सेकंद जोरात चढायचा, मग दीड मिनिट सावकाश चालायचं. अशा आठ फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. घड्याळ नाडीचे ठोके टिपणार आणि नोंद शिट्टीबाईंच्या फोनवर येणार. दादा आठवडाभरही टिकायचा नाही, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

पण दादा टिकला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी नोंद येत राहिली. खटकत होतं ते एवढंच, की जोराच्या फेरीत ठोक्यांची रेघ वर उसळायला हवी, ती सपाटच राहायची. नव्वद, पंच्याण्णव, फार तर शंभर. मैदानावर अंग चोरणारी कितीतरी पोरं शिट्टीबाईंनी पाहिली होती. त्यांनी फोनवरच दादाला फैलावर घेतलं. घड्याळाला फसवशील, साखरेला कसं फसवणार, असंही सुनावलं.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "धाकटे, उद्या सकाळी ये. डोळ्यांनी बघ."

सकाळी त्या गेल्या. वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. दादा दोन-दोन पायऱ्या घेत असा सुटला, की शिट्टीबाई बघतच राहिल्या. तिसऱ्या फेरीनंतर तो धापा टाकत समोर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि घड्याळ शहाण्णव दाखवत होतं. शिट्टीबाईंनी दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवून पंधरा सेकंद मोजले. छत्तीस ठोके. म्हणजे मिनिटाला एकशे चव्वेचाळीस.

त्यांचा चेहरा उतरला. "घड्याळ चुकतंय, हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"चुकतंय हे कळलं होतं. का चुकतंय ते कळल्याशिवाय कशाला बोलू? अंगरखा बसला नाही, तर दोष कापडाचा की मापाचा, हे आधी बघावं लागतं."

दोष मापाचा होता. पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही त्याच्या बारीक मनगटावर सैल पडायचा. पायरीगणिक घड्याळ हाडावर घसरायचं आणि घड्याळाच्या पोटातला ठोके टिपणारा हिरवा उजेड कातडीला नीट टेकायचाच नाही. त्याच आठवड्यात दादाने मशीनवर बसून नवा पट्टा शिवला. पहिला इतका घट्ट झाला की हातावर वळ उठला. दुसरा घामाने भिजून ताणला. तिसऱ्याला रुंद इलॅस्टिक लावलं, आतून मऊ सुती कापड, आणि तो मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधला. त्या दिवशीच्या नोंदीत आठ उंच शिखरं उमटली. शिट्टीबाईंनी ती दोनदा मोजली.

तीन महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं, पण व्यायाम सोडू नका असं बजावलं. तोवर शिट्टीबाईंनी दादाला शाळेत बोलावलं होतं, कारण धावण्याच्या संघातल्या लहान मुलींनाही शाळेने दिलेली तसलीच घड्याळं सैल होत होती. दादा टेप गळ्यात टाकून आला आणि माप घेण्याआधी त्याने सगळ्यांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

एकीने विचारलं, आधीच का नाही घेतलं माप?

"पळाल्यावर हात जरा फुगतो, बाळ. पट्टा त्या हाताला बसायला हवा."

वीस वर्षं शिट्टी वाजवूनही शिट्टीबाईंच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. वही-पेन्सिल घेऊन त्या त्याच्या शेजारी बसल्या, आणि तो सांगेल तो आकडा मुकाट्याने लिहून घेऊ लागल्या.