बिघडलेली छाप

नवापूरच्या मिशनच्या छापखान्यात दावीद लाकडाचे ठसे कोरायचा. सणाच्या पत्रकांवर गाढव, मेंढरं, गव्हाणी असं जे लागेल ते. घरी आला की मात्र तो भलतंच कोरी. त्यात ना माणूस, ना झाड. नुसते रंगाचे पट्टे, एकात एक शिरलेले. त्याची बायको सोमीबाई रंग घोटून द्यायची. तिला त्यातलं काही कळत नसे, आणि तसं ती तोंडावर सांगायचीही. दावीद हसायचा.

लाकडाच्या वखारीचे मालक होरमसजी शेठ यांना मात्र त्या छापांचं वेड लागलं. विलायत पाहून आलेला माणूस. जाड कागद मुंबईहून मागवून द्यायचे, छापा विकत घ्यायचे, आणि अट एकच घालायचे. एका ठशाच्या सातच प्रती काढायच्या, मग ठशावर पटाशीनं आडवी चीर मारायची.

"दुनियेत सातच असल्या तर लोक शोधत येतील," शेठ म्हणायचे. "गल्लोगल्ली झाल्या तर कोण विचारतंय?"

दावीद मान डोलवायचा. चीर मारताना त्याचा हात क्षणभर अडायचा, ते फक्त सोमीबाईला दिसायचं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता दावीद-सोमीबाईची लेक मंगळी तापानं पडली. लहान पोर, बापाच्या कामाशेजारीच पडून राहायचा हट्ट. नव्या ठशाच्या प्रती जमिनीवर वाळत होत्या. पाणी प्यायला म्हणून ती उठली, झोक गेला, आणि तळवा ओल्या कागदावर घसरला. लाल रंग थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत ओढला गेला. दावीद तिच्यावर ओरडला. कागद चुरगाळून त्यानं सरपणात फेकला आणि त्याच्या जागी दुसरी प्रत काढली. मंगळी रडली नाही. तिनं हात फ्रॉकला पुसला आणि पुन्हा आडवी झाली.

त्याच आठवड्यात ती गेली.

माती देऊन आल्यावर सोमीबाईनं सरपणातून तो कागद काढला, मांडीवर सारखा केला आणि मंगळी निजायची तिथल्या भिंतीला भाताच्या पेजेनं चिकटवला. दावीदनं पाहिलं. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी ती थोडा वेळ तिथं बसायची.

थंडीत शेठ मुंबईच्या एका पाहुण्याला घेऊन आले. चित्राची किंमत ठरवणारा मोठा जाणकार; त्याच्या शब्दावर धनिक लोक चित्रं घ्यायचे. ओसरीवर मांडलेल्या छापा त्यानं नुसत्या चाळल्या. पाणी मागायला म्हणून आत डोकावला आणि भिंतीपाशी थबकला.

"ही त्या सातांतली नाही."

"नाही साहेब," दावीद म्हणाला. "ती बिघडली."

"बिघडली? अरे, त्या सातांत तुझा हात आखडलाय. इथं तू तो मोकळा सोडलास. हा लाल रंग असा खाली ओढलास, तो मुद्दामच ना?"

सोमीबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. दावीदनं तिच्याकडे पाहिलं. मग शेठकडे पाहिलं. शेठचा चेहरा उजळला होता.

"हो साहेब," दावीद म्हणाला. "मुद्दामच."

पाहुण्यानं तीच मागितली. कागद सुटेना, तेव्हा शेठच्या माणसानं सुरीनं भिंतीचा पोपडा सोलून तो सोडवला. पाहुण्यानं शिसपेन्सिल पुढे केली. दावीदनं त्या लाल ओघळाखाली आपलं नाव लिहिलं. निदान आता तरी तो सांगेल म्हणून सोमीबाई वाट बघत होती. गाडी निघून गेली.

"पोरीचं नाव तरी घ्यायचंस," ती म्हणाली.

"घेऊन काय झालं असतं? पोरीचा हात लागला म्हटलं असतं, तर त्यांनी नेलीच नसती. इथंच राहिली असती."

"हो," सोमीबाई म्हणाली. "इथंच राहिली असती."

पुढे मुंबईहून निरोप आला. तसल्याच हव्यात, ओढलेल्या रंगाच्या. दावीदनं नवा ठसा कोरला आणि छाप ओली असताना आपल्या तळव्यानं रंग ओढून पाहिला. रंग लोंबायचा, जाड व्हायचा. कागदामागून कागद वाया गेले. पटाशीनं घट्टे पडलेला त्याचा तो पंजा.

एका दुपारी त्यानं तिला हाक मारली. लाल रंगाची वाटी तिच्याकडे सरकवली.

"तुझा तळवा लहान आहे. एवढं एकदा ओढून दे."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं कुचकेपणा नव्हता, लाजही नव्हती. आपण काय मागतोय ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो कागदाचा कोपरा धरून थांबला होता, रंग वाळेल या घाईत.

"मंगळीकडून घे," ती म्हणाली.

हात धुऊन ती निघाली ती भाऊ नारसिंगच्या घरी, डोंगराकडच्या पाड्यावर. दावीद दोनदा न्यायला आला. दुसऱ्या खेपेला शेठनी दिलेलं नवं लुगडं घेऊन आला. ते तिनं भावजयीला दिलं. मग तो आला नाही. छापा मात्र होत राहिल्या, आणि शेठ त्या नेत राहिले.

रविवारी दोघं एकाच चर्चमध्ये यायची. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसायचे. त्यामुळे ती दोघं एका घरात राहत नाहीत, हे कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.