विजा चमकल्या की

ठिपका हिरवा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, चार्जरच्या पांढऱ्या डबीवर, खालच्या कोपऱ्यात — प्रदीपने त्यावर अंगठा ठेवला तर नखाच्या कडेने हिरवा उजेड बाहेर आला, काढला तर पुन्हा ठिपका. हिरवा म्हणजे वीज आहे, वीज आहे म्हणजे गाडी चार्ज होते आहे, आणि चार्ज होते आहे म्हणजे... म्हणजे काही नाही. चहाच्या आधी पोर्चमध्ये येऊन हा ठिपका पाहायचा, इतकंच. लोक उठल्याउठल्या आपले तळहात पाहतात म्हणे. याने ठिपका पाहायचा. वर्ष होत आलं. आता तो पाहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, आणि पाहिला म्हणून चहाला चव येते असंही नाही.

"निघायचं ना?" आतून चैतालीने विचारलं. तळेगावच्या पुढच्या शोरूमला जायचं होतं, दुसरी गाडी पक्की करायला. पहिली ही, विजेची. ती चैताली रोज हिंजवडीला नेते आणि संध्याकाळी लोणावळ्यात परत आणते. प्रदीप तळेगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, त्या पाळीला परतीची बस नाही, म्हणून गेला अख्खा पावसाळा मोटरसायकलवर, रेनकोटच्या आत शिरलेल्या पाण्यासकट... तेव्हा दुसरी गाडी हवी, इथपर्यंत नवराबायकोचं एकमत होतं. कोणती घ्यायची यावर चैतालीचं म्हणणं सरळ होतं. एक तर आहे तशीच आणखी एक विजेची घे, नाहीतर निमूट पेट्रोलची घे. हे निम्मं विजेचं आणि निम्मं पेट्रोलचं लचांड कशाला?

प्रदीपने उत्तर पाठ केलं होतं. प्लग-इन हायब्रिड. रोजचं जाणंयेणं घरच्या चार्जिंगवर, शिवाय टाकीत पेट्रोल असतंच. लांब जायचं झालं तर शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या मागे चार्जरच्या रांगेत उभं राहायला नको. सगळं खरं होतं, आणि यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण आत पलंगावर बसून पायांत मोजे चढवत होतं. त्या कारणाला ते स्वतः कारण आहे हे कधीही कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट प्रदीपला या जगात अजून हवी होती. बाकी काही हवं असणं कधीतरी बंद पडलं होतं.

आबा. प्रदीपचे वडील, अंबाजी ओव्हाळ, जन्मभर रेल्वेत. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जे जादा इंजिन लागतं, बँकर म्हणतात त्याला, त्यावर त्यांनी नोकरी काढली — घाट चढवायचा, लोणावळ्यात सुटायचं, पुन्हा खाली जायचं. खंडाळ्याच्या क्वार्टरमध्ये असताना एकदा वीज पडून शेजाऱ्यांचा टीव्ही जळाला आणि तेव्हापासून आबांनी आभाळाशी जणू उभा दावा मांडला. गडगडलं की उठायचं. टीव्हीची पिन काढ, फ्रिजची काढ, मग मेन स्विच खाली. सगळं घर अंधारात, आणि अंधारात आईचा आवाज, "वीज काय तुमचाच पत्ता इचारत येतीया व्हय?" हे ठरलेलं. नवं घर बांधलं, पोर्चमध्ये चार्जर आला, त्याला वेगळा लाल खटका आला. याला विजेची भीती नाही, आत सोय केली आहे, असं इलेक्ट्रिशियनने समजावून सांगितलं. आबांनी मान डोलावली, आणि पुढच्या गडगडाटाला लाल खटकाही खाली केला.

गेल्या वर्षीही असाच परतीचा पाऊस होता. संध्याकाळी प्रदीपने गाडी चार्जिंगला लावली, ठिपका हिरवा झालेला स्वतः पाहिला. मग विजा सुरू झाल्या, आबा उठले, घर अंधारलं, आई बोलली, सगळे हसले... पाऊस ओसरल्यावर आबांनी घराचा मेन वर केला. पोर्चमधला खटका राहिला. म्हातारा माणूस, नवा खटका, विसरला. पहाटे आईच्या छातीत कळ आली. प्रदीपने तिला उचलून गाडीत ठेवलं आणि केबल काढायला वळला, तर ठिपका नव्हताच. लाल खटका खाली. समोरच्या पडद्यावर चार्ज इतका थोडा की तो आकडा त्याने पुन्हा कधी मनातही उच्चारला नाही. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता, म्हणून तसाच तळेगावच्या हॉस्पिटलकडे निघाला. कामशेतच्या अलीकडे गाडीने कासवाचं चित्र दाखवलं आणि खरंच कासव झाली. मग रस्त्यात आडवं उभं राहून एक भाजीचा टेम्पो थांबवणं, मागे कोथिंबिरीच्या जुड्यांवर आई, आणि वडगावच्या आधीच तिचा हात... थंड वगैरे नाही, नुसता जड. लवकर आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

"गाडी लावायलाच विसरलो मी," त्याने तिथेच, हॉस्पिटलच्या पायरीवर, चैतालीला सांगितलं. तिच्याबरोबर मागून दुसऱ्या टेम्पोतून आलेले आबा शेजारी उभे होते, चपला उलट्या पायांत घातलेल्या. त्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि पडलं ते बरंच झालं. माझ्या वाट्याला आलं तर मी चालवून नेईन, त्यांच्या वाट्याला आलं तर हा माणूस उद्या उठणार नाही — इतका साधा हिशेब होता. रडू काही आलं नाही. येईल नंतर म्हणून त्याने थोडे दिवस वाट पाहिली, मग तेही सुटलं. पुढे त्याने स्वतःहून दुसरी पाळी मागून घेतली. संध्याकाळी हॉलमध्ये तिघांनी बसायचं आणि चौथी खुर्ची पाहायची, त्यापेक्षा मशीनचा आवाज बरा होता.

चैताली त्याला एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर फार उपकार झाले असते. तिने फक्त एक प्रश्न धरला. तो कामावरून आला, अंथरुणावर टेकला, की पाठमोरीच विचारायची, "लावलीस का?" लावली, तो म्हणायचा. सासूवर तिचा जीव होता, तेव्हा विचारणारच. या वर्षात नवराबायकोचं जे काही बोलणं झालं त्यातलं निम्मं हेच होतं.

जुन्या हायवेने निघाले. आबा पुढे, चैताली मागे. कामशेत आलं तसा चैतालीने मोबाईल काढला, प्रदीपने काच उगाच खाली करून वर घेतली. आबा बाहेर पाहत होते. "भात औंदा चांगला हाय," ते म्हणाले. चांगला होता. वाऱ्यावर लोंब्या हलत होत्या, पिवळ्या पडत चालल्या होत्या, आणि प्रदीपला त्या काचेवर चिकटवलेल्या कागदासारख्या दिसल्या. कामशेत मागे पडलं.

शोरूममधला गौरव हा तरुण विक्रेता बोलायला मोठा गोड होता. त्याने बॉनेट उघडून दाखवलं, चार्जिंगचं तोंड दाखवलं, पेट्रोलचं दाखवलं. आबांनी दोन्ही झाकणं आळीपाळीने उघडून पाहिली.

"म्हंजी दोन इंजनं," आबा म्हणाले. "आमच्या बँकरवानी. घाट आला की मागनं रेटा."

"अगदी बरोबर आबा," गौरव खूश झाला. मग प्रदीपकडे वळून त्याने सहज विचारलं, "सर, तुमच्याकडे इलेक्ट्रिक आहेच. कधी अडकलात का तिच्यात?"

शोरूममध्ये थंड हवा सोडलेली होती तरी प्रदीपच्या कानामागून घाम उतरला. चैताली सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत होती, ते थांबलं.

"एकदा," प्रदीप म्हणाला. "मी चार्जिंगला लावायला विसरलो होतो."

वाक्य गुळगुळीत झालं होतं, कितीतरी माणसांना सांगून. गौरवने "होतं असं सर" म्हणून मान हलवली. आबांनी पेट्रोलचं झाकण बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि त्या भोकाकडे बघतच विचारलं, "ह्या गाडीला रातची लाईट न्हाई मिळाली, तरी सकाळी जाईल न्हवं?"

"जाणार म्हणजे काय! पेट्रोल आहे ना."

"कुनी बंद केली लाईट, तरी?"

"तरी जाईल आबा."

"मंग हीच घ्या," आबा म्हणाले, आणि खुर्ची शोधायला गेले.

झालं. प्रदीपला हायसं वाटायला हवं होतं. खुशाल मेन पाडा आबा, खुशाल विसरा, तुमच्या खटक्यावर आता कुणाचा जीव टांगलेला नाही... वर्षभर मनात घोळवलेलं वाक्य होतं ते, आणि आता ते आत कुठे पोचतच नव्हतं. गौरव सांगत होता, दसऱ्याला गाडी मिळेल, सगळे शिरगावला साईबाबांकडे पूजेला नेतात, लिंबू-नारळ आमच्याकडून. "आमी देहूरोडच्या इहारात न्हेतो," आबा खुर्चीतून म्हणाले. "लिंबं द्या तुमी, सरबताला हुतील." गौरव हसला. चैताली हसली नाही. पहिल्या गाडीच्या वेळी विहारात आईनेच मेणबत्ती लावली होती, त्रिशरण म्हणताना मध्येच थांबून, गाडीचा दरवाजा नीट लागला का ते वळून पाहिलं होतं. प्रदीपने सही केली.

परत आले तेव्हा राजमाचीच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं. रजा घेतली होती, पण संध्याकाळी घरी असण्याची त्याला सवयच राहिली नव्हती. कुठे बसावं कळेना. त्याने गाडी चार्जिंगला लावली, ठिपका पाहिला, हॉलमध्ये आला. आबा आपल्या खुर्चीत. चैताली भुईमुगाच्या शेंगा फोडत जमिनीवर. चौथी खुर्ची भिंतीशी, तिच्यावर वर्तमानपत्रं.

"लावलीस का?"

"लावली."

आणि वीज चमकली. सगळ्या खिडक्या एकदम पांढऱ्या झाल्या, मग गडगडाट डोंगरावरून घरंगळत खाली आला. प्रदीप नकळत टेकून बसला. आता आबा उठतील, टीव्हीची पिन, फ्रिजची, मेन, मग चपला घालून पोर्च — उठू देत. ते झोपले की मी जाऊन हळूच खटका वर करीन. नवी गाडी आली की तेवढंही करावं लागणार नाही. तो वाट पाहू लागला.

आबा उठले नाहीत.

पुन्हा चमकली, या वेळी जवळ. आबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. बोटांची पेरं पांढरी पडली होती, चाळीस वर्षांची सवय अंगातून वर येत होती आणि म्हातारा तिला खाली दाबून बसला होता. नजर पोर्चच्या दाराकडे.

"आबा," प्रदीपने विचारलं, "मेन... बंद नाही करायचा?"

"नगं," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे चालू. लागंल कुनाला रातची."

चैतालीने मान वर केली नाही. शेंग फुटल्याचा आवाज आला. "आबा नाही करत आता बंद," ती म्हणाली. "आई गेल्यापासून नाही. मे महिन्यात एवढ्या विजा झाल्या, तरी नाही. तू नव्हतास घरी."

मी नव्हतो घरी. मी मशीनपाशी होतो, आणि सकाळी उठून ठिपका पाहत होतो, रोज हिरवा, विजांच्या दुसऱ्या दिवशीही हिरवा — आणि तो माझ्या पहाऱ्यामुळे हिरवा आहे असं समजत होतो. इथे हा माणूस अंधाराला न घाबरता उजेडाला घाबरत, खुर्चीचे हात धरून, एकटा... कधीपासून ठाऊक होतं यांना? हॉस्पिटलच्या पायरीवर मी ते वाक्य म्हणालो तेव्हाच? चपला उलट्या होत्या, पण कान तर जाग्यावर होते. खटका आपणच खाली केला हे ज्याला आठवतं, त्याच्यासमोर पोरगा म्हणतो मी विसरलो, आणि तो ते ऐकून घेतो. पोराने दिलेलं घेतो, वर्षभर, रोज. आणि आज पेट्रोलच्या त्या भोकात पाहून विचारतो, कुनी बंद केली लाईट, तरी?

आणि चैताली? आबा आता बंद करत नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणजे आधी करत होते हे आठवून तिने दोन आणि दोन चार केव्हाच केले असणार. मग रोज पाठमोरी विचारत होती ते काय होतं? गाडीबद्दल विचारत होती, की एकदा तरी मी वळून म्हणेन, लावली होती गं, त्या रात्रीही लावली होती — याची वाट पाहत होती? त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने सोललेले दाणे वाटीत टाकले आणि वाटी सरकवली. त्याच्याकडे की आबांकडे, ते नीटसं कळलं नाही, दोघांच्या मधोमध थांबली ती.

बराच वेळ मांडी घालून बसल्यावर बधिर झालेला पाय मोकळा करावा तसं काहीतरी त्याच्या छातीत झालं. आधी नुसतं जड, मग एक सुई, मग असंख्य, आणि त्या मुंग्या इतक्या झोंबत वर येऊ लागल्या की त्याला वाटलं, नको, होतं तसंच राहू दे. पण ते आता त्याच्या हातात नव्हतं. बाहेर आणखी एक वीज चमकली, आबा दचकले, आणि प्रदीप उठून त्यांच्या शेजारच्या त्या चौथ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलू लागला, बसायला जागा करायला. "आबा," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य कुठलं येतंय ते त्यालाच ठाऊक नव्हतं.