कल्याणरावांची बारा ताटं

कल्याणराव गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक मोटारसायकल होती, हप्ते थांबल्यामुळे बंद पडलेली एक विमा पॉलिसी होती आणि एक बिटकॉइन होता. मोटारसायकल दारात उभी होती. पॉलिसी कपाटात होती. बिटकॉइन कुठे आहे हे सांगू शकणारा माणूस एकच, आणि त्याला आष्टीच्या स्मशानात सकाळी साडेअकराला अग्नी दिला गेला.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत कल्याणरावांनी बावीस वर्षं नोकरी केली. लॉकडाऊनमध्ये फिरती बंद झाली आणि ते मोबाईलवर व्हिडिओ पाहू लागले. तीन महिन्यांत त्यांचा रुपयावरचा विश्वास उडाला. आष्टीतली आपल्या वाट्याची दोन एकर जमीन त्यांनी थोरल्या भावाला, काकासाहेबांना, आठ लाखांत देऊन टाकली आणि त्या पैशांत एक बिटकॉइन घेतला. काकासाहेबांनी भावाला चार लोकांत वेडा ठरवलं आणि त्याच दिवशी परतूरला जाऊन खरेदीखत करून घेतलं.

जमीन गेल्यामुळे कल्याणरावांच्या मागे बायको उषाबाई, मुलगी प्रियदर्शनी आणि जालन्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या एवढंच उरलं. प्रियदर्शनी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. राख सावडून परतताना काकासाहेबांनी पुढची व्यवस्था जाहीर केली. खोल्यांचा करार दसऱ्याला संपतो, तेव्हा त्या सोडायच्या. मायलेकींनी आष्टीला यायचं. गोठ्याशेजारची खोली रिकामीच आहे. पोरीचं शिक्षण झालं तेवढं पुष्कळ. घनसावंगीचं एक स्थळ आहे, बारा एकर ऊस. मुलाचं वय कोणी विचारलं नाही. उसाचं क्षेत्र मात्र संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं.

 उषाबाईंना आष्टीला जायचं नव्हतं आणि मुलीचं कॉलेज थांबवायचं नव्हतं. पण त्यासाठी लागणारी एकही गोष्ट त्यांच्या हातात नव्हती.

तेराव्याच्या गोड जेवणानंतर भावकीतल्या प्रत्येक घराला एक भांडं द्यायचं, त्यावर मयताचं नाव टाकून, ही या घराण्याची रीत. भावकीची घरं बारा. उषाबाई बाजारातून ताटं आणणार होत्या. काकासाहेबांनी त्यांना थांबवलं. जालन्याच्या घरात सामानाचा अंदाज घेताना माळ्यावरच्या खोक्यात नवी बारा ताटं त्यांना दिसली होती. घरात ताटं असताना खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ती ताटं कल्याणरावांनी चार वर्षांपूर्वी आणली होती. ही वापरायची नाहीत, एवढंच तेव्हा ते म्हणाले होते. मुलीच्या रुखवतासाठी घेतली असतील, अशी उषाबाईंनी समजूत करून घेतली. प्रत्येक ताटाच्या बुडाला एक आकडा आणि एक इंग्रजी शब्द कोरलेला होता. कंपनीचं नाव असेल, असं सगळ्यांनी धरलं. एका खोक्यातल्या बारा ताटांना बारा कंपन्या कशा, हे कोणाच्या मनात आलं नाही. ताटाचं बूड वाचायची रीत आपल्याकडे नाही.

आष्टीच्या बाजारात भांड्यावर नाव टाकणाऱ्याने उषाबाईंकडून मजकूर कागदावर लिहून घेतला. तोंडी काम घेत न्हाई, नंतर लोक भांडतेत, असं तो म्हणाला. नाव टाकून झाल्यावर त्याने ती चिठ्ठी डोक्यावरच्या तारेला खोचली. ‘कै. कल्याणराव यांच्या स्मरणार्थ’ असं काठावर मिरवत बारा ताटं बारा घरांत गेली. सहा नंबरच्या ताटाच्या बुडाला ‘डाँकी’ होतं आणि ते काकासाहेबांच्या वाट्याला आलं. हा निव्वळ योगायोग होता, असं उषाबाई आजही सांगतात.

दोन दिवसांनी काकासाहेबांचा मुलगा हरिओम जालन्याला आला. त्याचं आष्टीत मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंबाबत भावकीत त्याचा शब्द शेवटचा असतो. कल्याणकाकाने एक अख्खा बिटकॉइन घेतला आहे, हे त्याला काकानेच सांगितलं होतं. त्याने भाव पाहिला. आठ लाखांचे कोटीच्या आसपास झाले होते. कल्याणरावांच्या ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्हसारखं एक यंत्र निघालं. ते पिन मागत होतं. हरिओमने काकाची जन्मतारीख घातली, मग प्रियदर्शनीची, मग जमिनीच्या खरेदीखताची. तिसऱ्या चुकीनंतर यंत्राने स्वतःच्या पोटातलं सगळं पुसून टाकलं. चोरासाठी केलेली ती सोय होती. हँग झालंय, असं हरिओम म्हणाला.

यंत्राच्या डबीत एक पुस्तिका होती. ती वाचायचं प्रियदर्शनीला सुचलं. यंत्र बिघडलं किंवा हरवलं तरी बारा शब्दांवरून पैसे नव्या यंत्रात परत आणता येतात, ते शब्द क्रमाने या कार्डावर लिहून ठेवावेत, असं त्यात होतं. कार्डावरच्या बाराही ओळी कोऱ्या होत्या. खाली कल्याणरावांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ताटांवर आहेत’.

कागदाला वाळवी लागते, धातूवर कोरून ठेवावं आणि कोणालाही सांगू नये, असा सल्ला त्या व्हिडिओंतून मिळत असे. कल्याणरावांनी तो तंतोतंत पाळला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

या क्षणापर्यंत सगळं सावरता आलं असतं. बारा घरी जाऊन, चहा घेऊन, ताट उलटं करून पाहिलं असतं तर दोन दिवसांत काम झालं असतं. हरिओमने त्याऐवजी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश टाकला की ताटं परत हवी आहेत. लोकांना प्रकरणाचं गांभीर्य कळावं म्हणून त्याने बिटकॉइनचा त्या दिवशीचा भावही लिहिला.

लोकांना गांभीर्य कळलं. तासाभरात हात जोडलेली नऊ चित्रं आली. ताट एकही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ मच्छिंद्रने लिहिलं, ‘मयताच्या नावाचं भांडं परत करत नसतेत. दोष लागतो.’ वडिलांच्या तेराव्याची परात मच्छिंद्रने गेल्या वर्षी मोडीत घातली होती, पण तेव्हा तिच्यावर वडिलांच्या नावापलीकडे काही कोरलेलं नव्हतं. दुपारपर्यंत हा दोष सगळ्यांना पटला. स्वतःच्या ताटाचा फोटो टाकायची चूक कोणी केली नाही. झुंबरबाई या भावकीतल्या सगळ्यात वयस्कर. त्या अकरा नंबरच्या ताटात भाकरी कुस्करत बसल्या होत्या. दोन्ही मुलांनी येऊन ताट उचललं, धुतलं आणि लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं. झुंबरबाईंनी उरलेलं जेवण पातेल्याच्या झाकणावर केलं.

उषाबाईंनी जालन्यात एका वकिलांना विचारलं. कायद्याने सगळं पत्नीचं आणि मुलीचं, यात शंकाच नाही, असं वकील म्हणाले. मग पैसे कसे काढायचे, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की तेवढे बारा शब्द आणा.

पहिली बैठक काकासाहेबांच्या ओसरीवर झाली. सुरुवातीला दोन मिनिटं कल्याणरावांच्या स्वभावाबद्दल चांगलं बोलणं झालं. ज्या ज्या माणसांनी त्यांना वेडा म्हटलं होतं त्यांनी आता त्यांची दूरदृष्टी पहिल्यापासून ओळखली होती. मग वाटणी निघाली. बारा ताटं, बारा वाटे, हे सरळ होतं. काकासाहेबांनी थोरलेपणाचा एक वाटा वर मागितला. मच्छिंद्र म्हणाला की त्याचं ताट एक नंबरचं आहे, त्याच्याशिवाय सुरुवातच होत नाही. उषाबाईंचं काय, असा प्रश्न उशिरा आला. ज्याच्याकडे ताट नाही त्याला वाटा कशापायी, असंही एकाने विचारलं.

काकासाहेबांनी त्याला गप्प केलं. “असं कसं? तिच्याच नवऱ्याचा पैसा हाये. तिला बी एक वाटा द्यावाच लागंल.”

या मोठ्या मनाबद्दल सगळ्यांनी मान डोलावली. तेरा वाटे ठरले. पण आधी कोणी ताट दाखवायचं, यावर बैठक मोडली. एकाने दाखवलं की बाकीचे शब्द लिहून घेणार, ही भीती प्रत्येकाला होती आणि प्रत्येकाच्या बाबतीत ती रास्त होती.

निघताना झुंबरबाईंनी उषाबाईंना दाराआड गाठलं.

“उषे, मी दिलं असतं बाई. पण माझ्या ताटाची चावी बी माझ्याजवळ न्हाई.”

“राहू द्या काकी. जेवायला तरी ताट ठेवलं का तुम्हाला?”

“झाकण हाये की. त्याच्यावर काय बी लिव्हलेलं न्हाई, म्हणून राह्यलं.”

बस सुटायला वेळ होता. स्टँडसमोर तोच नाव टाकणारा कोणाच्या तरी घागरीवर काम करत होता. काम संपल्यावर त्याने चिठ्ठी उचलली आणि तारेला खोचली. उषाबाई ते पाहत उभ्या राहिल्या. बस लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. प्रियदर्शनीने त्यांना हाताला धरून चढवलं.

ताटांचं रिकामं खोकं अजून माळ्यावर होतं. त्यात जुन्या जालन्यातल्या भांड्यांच्या दुकानाची पावती होती, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी उषाबाई तिथे गेल्या. दुकानाच्या पायरीवर सलीमभाई नाव टाकायचं मशीन घेऊन बसले होते. तीस वर्षं ते तिथेच बसतात. चार वर्षांपूर्वी बारा ताटांवर इंग्रजी शब्द टाकले होते, त्याची चिठ्ठी हवी आहे, असं उषाबाईंनी सांगितलं. कोणत्या कामासाठी, हे सलीमभाईंनी विचारलं नाही. साल विचारलं.

“चिठ्ठी मी फेकत न्हाई ताई. एकदा एकाने लिहून दिलं बराबर, पर माझ्या हातून ‘सौ.’च्या जागी ‘कै.’ पडलं. बाई जिती होती. चार माणसं मारायला आल्ती. तव्हापासून प्रत्येकाचं हस्ताक्षर जपून ठेवतो.”

त्यांनी आतून वर्षावार बांधलेल्या तारा आणल्या. बारशाच्या वाट्या, लग्नाच्या समया, निवृत्तीचे तांबे, असं करत करत पाऊण तासाने ती चिठ्ठी निघाली. कल्याणरावांचं नेटकं अक्षर. एक ते बारा आकडे, पुढे बारा शब्द. खाली दोन ओळी: ‘स्पेलिंग चुकू नये. ही माहिती अत्यंत गोपनीय आहे.’

चार वर्षं हे गोपनीय शब्द जुन्या जालन्यातल्या एका पायरीमागे तारेला लटकत होते.

“मी कोणाला सांगितलं न्हाई,” सलीमभाई म्हणाले. “मला इंग्रजी येतंच न्हाई. नुसतं काढता येतं.”

प्रियदर्शनीने नवं यंत्र मागवलं. ते आल्यावर एका दुपारी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवून, तिने चिठ्ठीतले शब्द एकेक करून भरले. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. बाराव्या शब्दानंतर पडद्यावर एक आकडा आला. प्रियदर्शनीने तो आईला वाचून दाखवला. उषाबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्या उठल्या आणि त्यांनी आधी दाराची कडी लावली.

पुढच्या तीन आठवड्यांत रीतसर विक्री झाली. सरकारने नफ्यातले तीस टक्के घेतले. भावकीकडे बारा ताटं होती, सरकारकडे एकही नव्हतं, तरी त्याला वाटा मिळाला.

श्रावणात काकासाहेब जालन्याला आले, हरिओम आणि स्टॅम्पपेपर घेऊन. बैठका चार झाल्या होत्या, ताट एकही उलटलं नव्हतं, पण मसुद्यावर एकमत झालं होतं. कल्याणराव यांच्या बिटकॉइनच्या पाकिटातून जे काही निघेल त्याचे तेरा समान भाग करावेत, त्यांतला एक श्रीमती उषाबाई यांचा, आणि इतर बारांवर त्यांनी कधीही हक्क सांगू नये. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. उषाबाईंनी कागद दोनदा वाचला.

“दादा, मी सही करते. माझी एकच अट घाला.”

काकासाहेब सावध झाले. “कोणती?”

“पाकीट उघडंपर्यंत आम्ही दोघी जालन्यालाच राहणार. पोरीचं कॉलेज बी चालू राहील आन् तिच्या लग्नाचं कोणी काढायचं न्हाई. पैसा निघाला की मंग तुम्ही म्हणाल तसं.”

काकासाहेबांनी हरिओमकडे पाहिलं. हरिओमच्या हिशेबाने दिवाळीपर्यंत सगळी ताटं एकत्र येणार होती. तीन महिन्यांच्या सवलतीत विधवेचे बारा वाटे सुटत होते. त्यांनी अट स्वतःच्या हाताने लिहिली, खाली उषाबाईंनी सही केली आणि काकासाहेब समाधानाने चहा प्यायले. घर तेवढं सांभाळा, घरमालकाला दोन शब्द सांगू का, असंही त्यांनी विचारलं. उषाबाई नको म्हणाल्या. घरमालक आता राहिला नव्हता. मागच्याच सोमवारी त्या दोन खोल्यांचं खरेदीखत उषाबाईंच्या नावावर झालं होतं.

दिवाळी गेली. बैठका चालू आहेत. सही करूनही मच्छिंद्र आता दीड वाटा मागतो आहे. काकासाहेबांनी सहा नंबरचं ताट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं आहे आणि त्याचं वर्षाचं भाडं भरलं आहे. हरिओम रोज सकाळी ग्रुपवर भाव टाकतो. भाव चढला की लोक हात जोडतात आणि आपलं कुलूप एकदा ओढून पाहतात.

उषाबाईंनी झुंबरबाईंना जालन्याहून एक नवं ताट पाठवलं. त्यावर कुठेच काही कोरलेलं नव्हतं. झुंबरबाईंच्या मुलांनी ते उजेडात नेऊन दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि मगच आईला जेवू दिलं.