वहिनींपासून लपवलेली सिगारेट

परदेशातल्या क्रेगीबर्न उपनगरातला एकही मराठी पुरुष सिगारेट ओढत नव्हता. निदान विनीताच्या रेकॉर्डवर तरी. ती तिथली जीपी, म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर, आणि निम्म्या महाराष्ट्र मंडळाची वहिनी. गणपतीत तिच्या हातचे मोदक चापलेला माणूस दवाखान्यात काय सांगणार, की वहिनी, मी धूर काढतो? सगळे मान खाली घालून 'केव्हाच सोडली' म्हणत आणि ती खूश होऊन तसं टाइप करी. बाई हुशार, पण या बाबतीत साफ भाबडी.

लॉकडाऊन लागला आणि दवाखाना फोनवर आला. एके दिवशी फोनवर यतिन होता. तिच्या नवऱ्याचा, श्रीनिवासचा मित्र. शिकायला आला नि इथलाच झाला, आता एका गोदामात सुपरवायझर. त्याचं कोलेस्टेरॉल पुन्हा चढलं होतं. त्याचे वडील पंचेचाळिशीत हार्ट अटॅकने गेले होते आणि तो स्वतः चाळिशी ओलांडून बसला होता.

"गोळी रोज घेतोस ना?"

"हो वहिनी."

"आणि सिगारेट?"

"छे, ती केव्हाच सोडली."

तेवढ्यात फोनमध्ये लायटर वाजला आणि पाठोपाठ एक लांब, समाधानी झुरका. बिचाऱ्याला वाटलं असावं, फोनवर वास जात नाही म्हणजे काहीच जात नाही.

विनीता भडकली. तिने त्याच्या वडिलांचा विषय काढला, बायकोचा, मितालीचा काढला, दोन लहान पोरांचा काढला. तोंडाचा पट्टा थांबला तेव्हा फोन कधीच कट झाला होता. पुढे महिनाभर यतिनने तिचा एकही फोन उचलला नाही.

शेवटी एकदा जेवताना, कोणाचं नाव न घेता, तिने नवऱ्याला विचारलं, "पेशंट माझ्याशी खोटं का बोलतात रे?"

"अगं, तू रागावतेस," श्रीनिवास भात कालवत म्हणाला. "तुला खरं सांगायची हिंमत मलाच होत नाही."

तिला राग आला, मग वाईट वाटलं आणि मग भीती वाटली. यतिन नुसत्या भिडेपायी जिवाला मुकेल, हे तिच्या आता लक्षात आलं. तिने त्याला मेसेज टाकला: 'रागावणार नाही. एकदा बोल.'

दुसऱ्या दिवशी त्याचा कारमधून फोन आला. तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "माझ्याशी बोलणं जड जात असेल तर माझी कलीग आहे, फिओना. तिची अपॉइंटमेंट देते. मंडळातलं कोणी तिला ओळखत नाही. मला वाईट वाटणार नाही." वाईट तर वाटणारच होतं, पण ती बोलून गेली.

"नको. तिला बाबांच्या अटॅकपासून सगळं पुन्हा सांगावं लागेल," यतिन म्हणाला. "वहिनी, ती गोळीपण मी बंद केली होती. गेल्या वर्षी रिपोर्ट नॉर्मल आला, म्हटलं झालं काम."

'अरे मूर्खा' अगदी जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. "गोळी होती म्हणून नॉर्मल आला. नो वरीज, पुन्हा सुरू करू. कुठली सिगारेट सुटत नाही?"

"शिफ्टनंतरची. इथे, कारमध्ये. घरी गेलं की सगळ्यांचं टेन्शन एकदम अंगावर येतं. त्याच्या आधी पाच मिनिटं माझी असतात."

हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलंच नव्हतं. ती ऐकत राहिली. तलफ कमी करायला दंडावर निकोटिनचे पॅच लावायचे ठरले. कारमध्ये बसल्यावर मितालीला फोन करीन, हे यतिनने स्वतःच सुचवलं. म्हणजे आधी मितालीला सगळं सांगणं आलं. तेही करतो म्हणाला.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात त्याचा फोन आला. आवाज पार पडलेला होता.

"वहिनी, काल एक ओढली."

विनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे सांगायला कोणी तिला आपणहून फोन केला नव्हता.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आणि परवा?"

"परवा नाही. त्याच्या आधीपण नाही."

"मग आजचं बोलू," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून नीट बसली.