चरकावरची ओवी

लाकूड कातायच्या चरकाला दोन माणसं लागतात. एक दोरी ओढणारं, एक पटाशी धरणारं. रत्नागिरीच्या आळीत केरू कातारी लाकडी खेळणी कातायचा. लग्न झालं, तेव्हापासून दोरी चिमाच्या हातात आणि पटाशी त्याच्या.

लाकडाला दोरीचा वेढा. ओढली की लाकूड पुढे फिरतं, सोडली की मागे. पुढे फिरताना पटाशी टेकवायची, मागे येताना उचलायची. हा मेळ राहावा म्हणून चिमा ओवी म्हणायची. शब्दावर ओढ, श्वासावर सोड. केरूचा हात त्या ओवीच्या मागून चालायचा.

आंबे मोहरले त्या दिवसांत चिमाचा उजवा खांदा आखडला. शेजारच्या गंगुबाईनं करंजेल चोळलं, पण हात काही दोरीपर्यंत जाईना.

"सोड आता," केरू म्हणाला. "चुलीपाशी बस. धाकूला बोलावतो."

चुलीशी चिमाचं वाकडं नव्हतं. पण ओल्या शिवणीच्या लाकडाचा वास, पावलांवर उडणारा भुसा, पडवीत टपटप पडणारी चाकं... हे सगळं हातून गेलं, तर दिवस कशानं भरायचा?

केरूचा दोस्त धाकू आला. किनाऱ्यावर मासळीनं भरलेली रापण ओढावी तशी त्यानं दोरी ओढली. दुपारपर्यंत पडवीत नुसती वाकडी चाकं.

"अवो, ही चाकं म्हणायची की फणसाच्या आठळ्या?" चिमानं दारातून विचारलं.

"वैनी, मी मासे ओढणारा मानूस!" धाकू हसत पायरी उतरून गेला.

तेवढ्यात राजीवडा बंदरावरचे हमीद तांडेल आले. "केरूभाव, माझ्या नातवाचा पांगुळगाडा? मुंबईची पत्र्याची मोटार दिली, तर ती उराशी धरून बसून राहतो. उभा राहायचं नावच नाय! जुम्म्याची नमाज झाली की माझा मचवा दर्यावर सुटेल. त्याचं पहिलं पाऊल बघून जाईन म्हणतो."

"जुम्म्याला सकाळी न्या, चाचा," चिमा बोलून मोकळी झाली.

तांडेल गेल्यावर केरू तिच्यावर उखडला. "ओढणार कोण गो?"

"तुमी."

"आनि पटाशी?"

चिमानं हात पुढे केला. "तिला खांदा नाय लागत. मनगट लागतं."

दसऱ्याला हळदकुंकू लावायचं, एवढाच या घरातल्या बायकांचा पटाशीला हात. केरू बापाच्या आठवणीनं घुटमळला. "आप्पा असते तर..."

"आप्पांनीच दोरी दिलीनी माझ्या हातात. तेव्हा पन आळी हसलीच की!"

केरूनं दोरी धरली. पहिल्या चाकाचा टवका उडाला. दुसरं आठळीच झालं. चिमाचं तोंड उतरलं, पण पटाशी तिनं सोडली नाही.

"तुमी मुक्यानं ओढताय. ओवी म्हना."

"बाप्या मानसानं? रस्त्यावरनं लोक जातायत!"

"मग लावा दार."

दार लावलं तर उजेड जाणार. केरू खाकरला आणि खालच्या आवाजात सुरू झाला,

*शिवणीचं बाई चाक, माझ्या अंगणी रांगलं,*
*पुनवेच्या चांदानं गं, त्याचं गोलपण मागलं.*

वर्षानुवर्षं कानांवर पडलेली ओवी अक्षर न चुकता ओठांवर आली. चिमा जिथे श्वास घ्यायची, तिथेच त्यानंही श्वास घेतला. पटाशी टेकली, उचलली, टेकली. लाकडाचा लांब पापुद्रा वळत वळत चिमाच्या मांडीवर उतरला.

"अगो बाय! केरू जात्यावर बसला काय!" रस्त्यातून गंगुबाई ओरडली.

केरूचे कान लाल झाले. पण थांबला तर चाक बिघडणार. तो आणखी मोठ्यानं म्हणू लागला. फिरत्या लाकडावर चिमानं लाखेची कांडी धरली, चाक तांबडं झालं. वर केवड्याचं पान घासलं, तसं ते चकाकलं.

जुम्म्याला तांडेलांनी नातू पडवीतच गाड्यामागे उभा केला. पोरानं दांडा धरला. चाकं जराही न डगमगता सुरकन पुढे गेली आणि पोर त्यांच्यामागून दुडुदुडु चालत सुटलं.

"वा! काय सुरेख हात फिरलाय तुझा, केरूभाव."

"पटाशी तिची हाय," केरू म्हणाला.

तांडेल गेले. चिमा दुसरं लाकूड चरकाला लावू लागली. केरूनं दोरी हातात घेतली आणि म्हणाला, "आज दुसरी कुठली तरी ओवी शिकव गो. तीच म्हनून म्हनून आळीला पाठ झाली."